भरवसा, साक्ष आणि सोवळे : ‘स्मृतिचित्रे’तील दुःखकथनाविषयी

१

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचा बराचसा भाग निर्व्याज, प्रसन्न आणि विनोदी या तीन विशेषणांभोवती फिरत राहिला आहे. विशेषणे चुकीची नाहीत. पण ती फार लवकर समाधान देतात. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात घडते काय, एवढे जरी विशेषणे बाजूला ठेवून पाहिले, तरी वाचक अस्वस्थ होतो. पोटची मुले लहानपणीच जातात. नवरा घरात कोणाला काही न सांगता वारंवार नाहीसा होतो. १८९५ च्या फेब्रुवारीत तो मुंबईत बाप्तिस्मा घेतो आणि तिशीच्या आतल्या पत्नीला समाजाच्या दृष्टीने ना सौभाग्य ना वैधव्य अशा अवस्थेत लोटतो. पुढे दुष्काळातली अनाथ मुले येतात, प्लेग येतो, कायमची ओढगस्त येते, आणि १९१९ च्या मे महिन्यात खरे वैधव्य येते. इतके सोसलेल्या बाईचे पुस्तक वाचताना आपण हसतो, ही गोष्ट साधी नाही.

या हसण्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दोन प्रकारे दिले जाते. एक, तो त्यांचा स्वभावच होता. दुसरे, त्यांची ईश्वरावर श्रद्धा होती. पहिले स्पष्टीकरण संहितेतून निघून थेट व्यक्तीत शिरते आणि तेथेच थांबते. दुसरे अधिक गंभीर आहे, परंतु त्यातही श्रद्धा ही कथनाच्या बाहेर, आधीपासून तयार असलेली एक वस्तू मानली जाते. लेखिकेजवळ श्रद्धा होती, म्हणून तिने दुःख पचविले, आणि पचविल्यावर ते लिहिले, असा हा क्रम. श्रद्धा ही अशी आशयाच्या पेटीत ठेवलेली वस्तू नसून सांगण्याच्या रीतीतच ती घडते किंवा मोडते, असे मला वाटते. ‘स्मृतिचित्रे’ हे त्याचे मराठीतील बहुधा सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

यासाठी ‘श्रद्धा’ हा संस्कृत वजनाचा शब्द थोडा दूर ठेवून ‘भरवसा’ हा घरगुती शब्द हाताशी घेणे सोयीचे ठरेल. हा शब्द आपण कसा वापरतो ते पाहण्यासारखे आहे. पावसाचा भरवसा नाही, माणसाचा काय भरवसा, त्याच्या भरवशावर राहू नकोस, अशी त्याची नेहमीची रूपे आहेत. म्हणजे जेथे खात्री नसते तेथेच हा शब्द बहुतेक वेळा उच्चारला जातो. सिद्धांतावर भरवसा ठेवता येत नाही. तो कोणावर तरी ठेवावा लागतो, आणि तो कोणी उलटण्याची शक्यता त्यात गृहीत असते. मराठी ख्रिस्ती परिभाषेत रूढ झालेला ‘विश्वास’ आणि वारकऱ्यांचा ‘भाव’ हे या शब्दाचे सोयरे आहेत, पण त्यांना संप्रदायाचे वळण लागलेले आहे. ‘भरवसा’ अद्याप बाजारात आणि माजघरात वावरतो.

याउलट, दुःखाच्या संदर्भात ईश्वराची बाजू मांडणे, त्याच्यावरचा आरोप निवारणे, ही एक वेगळी बौद्धिक क्रिया आहे. लाइब्निझने १७१० मध्ये तिला ‘थिऑडिसी’ हे नाव दिले; आपण तिला ईश्वरसमर्थन म्हणू. जगातील दुःखाला व्यापक योजनेत स्थान आहे, हे दाखविणे हे तिचे काम. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर व्हॉल्तेअरने ‘कांदीद’मध्ये (१७५९) तिची जी दशा केली ती सर्वश्रुत आहे. परंतु व्हॉल्तेअरच्या हल्ल्यात ईश्वरसमर्थन कोसळले म्हणजे भरवसाही कोसळला, असे आपण नकळत धरून चालतो. वस्तुतः या दोन क्रिया वेगळ्या आहेत, इतकेच नव्हे तर त्या पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात. बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट यादृष्टीने विलक्षण आहे. ईयोबाचे मित्र सबंध ग्रंथभर ईश्वराचे समर्थन करीत असतात. ईयोब तक्रार करीत असतो. अखेरीस ईश्वर रागावतो तो मित्रांवर, आणि आपल्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, असा निर्वाळा देतो. वकील हरतात आणि फिर्यादी जिंकतो, असा हा खटला आहे.

२

मराठीत या प्रश्नाचे मूळ रूप तुकारामांकडे सापडते. १६२९ ते १६३१ च्या महादुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, प्रतिष्ठा गेली, पहिली पत्नी अन्नावाचून मेली, मुलगा गेला. या अनुभवाविषयीचे त्यांचे दोन अभंग प्रसिद्ध आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाचे असूनही त्यांची रीत भिन्न आहे, हे पुरेसे ध्यानात घेतले गेलेले नाही.

पहिल्यात तुकाराम संतांच्या आग्रहावरून आपले चरित्र सांगतात. जात, व्यवसाय, आईबापांचा मृत्यू, दुष्काळ, पत्नीचा अंत, वाटलेली लाज, व्यापारातली खोट आणि त्यानंतर मोडकळीला आलेले देऊळ, व ते सुधारावे असे मनात येणे, असा त्याचा क्रम आहे. यात दुष्काळ आणि देऊळ यांच्यामध्ये ‘म्हणून’ हा शब्द नाही. एक घडले, मग दुसरे घडले. जोडणी वाचकाने करायची, किंवा न करायची. दुसऱ्या अभंगात मात्र दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडिले ते बरे झाले, अशी थेट देवाला उद्देशून ‘बरे झाले’ची मालिका येते. येथे दुःखाला प्रयोजन मिळते.

भाविक व्याख्यानपरंपरेने आणि तिच्या पाठोपाठ आपल्या वर्गातील अध्यापनानेही दुसरा अभंग ही पहिल्याची किल्ली मानली. पत्नी मेली, पण त्यातून वैराग्य आले, म्हणजे ते भल्यासाठीच होते, असा अर्थ लावणे सोपे जाते. परंतु ज्या पत्नीचे मरण पहिल्या अभंगात लाज होऊन समोर उभे राहते, तिच्या दृष्टीने हे कोणाचे भले? शिवाय ‘बरे झाले’ या शब्दांचा मराठीतला सूर नेहमी कृतज्ञतेचाच असतो काय? घर जळल्यावर ‘बरं झालं’ म्हणणारा माणूस आभारच मानीत असतो असे नाही. त्या अभंगातील समाधानाच्या तळाशी दात आवळल्याचा आवाज मला तरी ऐकू येतो. तो ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण पहिल्या अभंगातील तो नसलेला ‘म्हणून’ त्यांनीही भरून काढू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

ना. वा. टिळकांनी आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे गेलो असे म्हटले होते, आणि हे विधान टिळकांच्या कवितेसंदर्भात वारंवार उद्धृत होते. त्यांच्या पत्नीच्या गद्याच्या संदर्भात त्याचा विचार झालेला दिसत नाही. तुकारामांचा भाव टिळकांच्या अभंगांत आला असेल. पण तुकारामांची ती ‘म्हणून’ गाळण्याची रीत आली ती लक्ष्मीबाईंकडे.

३

ही रीत किती दुर्मीळ आहे हे कळण्यासाठी तिच्या शेजारी दुसरे एक दुःखकथन ठेवावे लागेल. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीत आपल्या धर्मानुभवाची साक्ष लिहिली. तिच्यात, आणि त्याआधी दुष्काळाच्या आठवणी म्हणून त्यांनी जे लिहिले त्यात, अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाची अन्नान्नदशा येते. १८७० च्या दशकातील दुष्काळात हे विद्वान कुटुंब तीर्थातून तीर्थाकडे फिरत राहिले. होते नव्हते ते दानधर्मात व देवकार्यात संपले. उपास, स्नाने, पारायणे, जप सारे झाले. देव आले नाहीत. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली बहीण-भावंडे पायी चालत राहिली आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली.

हे कथन ‘साक्ष’ या रूपबंधात बसविलेले आहे. साक्षीचा रूपबंध ख्रिस्ती परंपरेत पक्का आहे : पूर्वीचा अंधार, मधला वळणबिंदू, नंतरचा प्रकाश. त्यात दुःखाला उत्तर द्यावेच लागते, कारण साक्ष कोणापुढे तरी दिली जाते. रमाबाईंपुढे केडगावच्या मुक्तिसदनाला मदत करणारे परदेशी वाचक होते, आणि त्यांच्या मागे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून स्वतः जाऊन आणलेल्या मुली होत्या. या मुलींकडे पाहताना आपला जुना उपास त्यांना आठवला, आणि त्या आठवणीतूनच दुष्काळाचे कथन निघाले. म्हणजे त्यांच्या साक्षीला कामाचे वजन होते. ती केवळ प्रचाराची भाषा नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या प्रांजळपणे नोंदवितात आणि वळणबिंदू कित्येक वर्षे पुढे सरकवितात. साक्षीच्या ठरीव साच्यात ही कबुली अवघड जागी बसते.

तरीही साच्याच्या बाहेर पडणारा खरा प्रसंग वडिलांच्या मृत्यूचा. दृष्टी गेलेले, उपासाने खंगलेले अनंतशास्त्री धाकट्या मुलीला जवळ घेतात आणि तिला देवाच्या हाती सोपवितात. नेहमी प्रामाणिक राहा, देवाची सेवा कर, असे बजावितात. सर्व व्रते फसल्यानंतरचा हा भरवसा आहे. साक्षीच्या तर्कानुसार हा भरवसा ‘खोट्या’ देवावरचा, म्हणून निष्फळ ठरायला हवा. रमाबाईंना तसे लिहिता येत नाही. मरणाच्या वेळी वडिलांचे मन खोट्या देवांकडे नव्हते. ज्याची त्यांना ओळख नव्हती अशा खऱ्या देवाकडे होते, अशी वाट त्या काढतात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही वाट विवाद्य ठरेल. मुलीच्या दृष्टीने दुसरी वाट नव्हती. येथे रूपबंध क्षणभर वाकतो, आणि रमाबाईंच्या सबंध साक्षीत मला सर्वांत विश्वसनीय वाटते ती ही वाकलेली जागा.

रमाबाईंना उत्तर देणे भाग होते. लक्ष्मीबाईंना ते नव्हते, किंवा त्यांनी ते मानले नाही.

४

‘स्मृतिचित्रे’ची सुरुवात लेखिकेच्या जन्माने होत नाही, ती एका आघाताने होते. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या घटनेने त्यांच्या वडिलांच्या मनाचा तोल गेला. त्यांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, माणसे धुवायची, स्पर्शाचा संशय आला की पुन्हा धुवायचे. या वेडाचे वर्णन वाचताना आपण हसतो; लेखिकेला ते अपेक्षितच आहे. पण पुस्तकाच्या दारातच ही कथा का ठेवली असावी?

सोवळे हा रूढ धर्माचारातला कडेलोट, इतकाच अर्थ घेतला तर हे एक मासलेवाईक व्यक्तिचित्र होते. परंतु लेखिकेने कारण सांगितलेले आहे : फाशी. एका घरावर कोसळलेल्या आपत्तीला दिलेला हा प्रतिसाद आहे. जग इतके धोकादायक ठरले की त्याला धुतल्याखेरीज हात लावणे अशक्य झाले. या माणसाची देवावर श्रद्धा नव्हती असे कोणी म्हणणार नाही. ती भरपूर होती. भरवसा नव्हता. देवाने निर्माण केलेले मीठमिरचीदेखील जसे आहे तसे घेण्याचा भरवसा. भरवशाची विरुद्ध बाजू आपण नेहमी नास्तिकता समजतो. लक्ष्मीबाईंचे पहिले प्रकरण ती बाजू सोवळ्यात दाखविते, आणि ही आधुनिक मराठी गद्यातील धर्मविषयक विचाराला मिळालेली मोठी देणगी आहे असे मी समजतो. ती विचार म्हणून मांडलेली नाही, एवढ्यानेच तिच्याकडे दुर्लक्ष झाले.

याच धाग्याचे दुसरे टोक पुढे सापडते. टिळकांच्या धर्मांतरानंतरच्या ताटातुटीचा काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात नातेवाइकांकडे काढला. नंतर त्या पतीकडे नगरला परतल्या, तरी सोवळे, पाणी आणि चूल वेगळी राखूनच. ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात ब्राह्मणी स्वयंपाक, अशा या विचित्र दुहेरी घराची वर्णने मजेदार आहेत. आणि मग एक दिवस, कोणाचे प्रवचन न ऐकता, त्या स्वतःशी विचार करीत बसतात. जाती देवाने केल्या असत्या तर त्यांच्या खुणा शरीरावर असत्या. पशुपक्ष्यांत दिसतात तसे भेद माणसांत नाहीत. तेव्हा हे माणसाचे काम, अशा दिशेने तो विचार जातो. निर्णय होतो : यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. या प्रसंगात ख्रिस्त जवळजवळ नाहीच. बाप्तिस्मा पुढे १९०० मध्ये. रमाबाईंच्या साक्षीत वळणबिंदू हा तारणाच्या जाणिवेचा आहे. येथे तो पाण्याच्या तांब्याचा आहे. वडिलांनी जे जग धुऊन धुऊन दूर ठेवले, ते मुलगी न धुता हातात घेते.

या दोन टोकांच्या मध्ये ताटातुटीची वर्षे आहेत, आणि माझ्या प्रतिपादनाची खरी परीक्षा तेथे आहे. येथे दुःखाचे कारण दुष्काळ किंवा साथ नाही. कारण टिळक आहेत, आणि टिळकांमागे टिळकांचा देव. ज्या ईश्वरावर भरवसा ठेवायचा त्याच्याच नावाने घर मोडलेले आहे. नंतरच्या आयुष्यात लक्ष्मीबाई त्याच ईश्वराच्या उपासक झाल्या, तेव्हा मागे वळून लिहिताना ‘हे सारे मला येथे आणण्यासाठीच होते’ असे म्हणण्याची त्यांना पूर्ण मुभा होती. मिशनच्या वर्तुळातील वाचकाला ते हवेही असणार. पुस्तकात ईश्वराचे आभार आहेत, प्रार्थना आहेत, हे खरे. परंतु त्या वर्षांचा हिशेब ईश्वरी योजनेच्या खात्यावर मांडलेला नाही. आपली मनःस्थिती, नातेवाइकांचे पहारे, लोकांचे टोमणे, लहान दत्तूची ओढाताण हे सर्व ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने येते आणि संपते. पुनर्मीलनाचा आनंद मागच्या दुःखाला रद्द करीत नाही.

मला हे धैर्य वाटते. ‘शेवट गोड’ झालेल्या माणसाला मधले कडू होते तसे कडू ठेवणे कठीण जाते.

५

टिळकांचा स्वतःचा ईश्वरावरील भरवसा मोठा होता, याबद्दल दुमत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्याआधीही हाती आलेला पैसा मागणाऱ्याला देऊन टाकणे, घरात काय आहे याची चौकशी न करता माणसे जेवायला आणणे, एका वस्तूसाठी बाजारात जाऊन भलतीच घेऊन येणे, हे त्यांचे नित्याचे. उद्याची चिंता न करण्याचा हा भरवसा. पण उद्या चूल पेटवायची कोणी? एका माणसाचा भरवसा ही त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाची ओढगस्त असू शकते, ही गोष्ट आपल्या संतचरित्रांना माहीत आहे, पण ती त्यांनी पत्नीच्या कजागपणात खपविली. तुकारामांच्या जिजाईचे, किंवा आवलीचे, जे चित्र कीर्तनांतून रंगविले गेले, ते यातूनच आले. पुरुषाचा भरवसा उजळावा म्हणून स्त्रीची व्यवहारबुद्धी काळी करायची.

‘स्मृतिचित्रे’त प्रथमच ती बाजू स्वतः बोलते. आणि बोलताना टिळकांना लहान करीत नाही, स्वतःलाही काळे करून घेत नाही. दुष्काळातल्या पोरक्या मुलांनी भरलेल्या घरात दळण किती, दूध किती, याची काळजी करणे हे त्यांच्या लेखी अविश्वासाचे लक्षण नाही. प्लेगच्या दिवसांत रुग्णांत वावरतानाही मनाला सावरण्यासाठी त्या तत्त्वज्ञानाकडे वळत नाहीत, समोरच्या कामाकडे वळतात. एका घरात दोन भरवसे नांदतात : उद्याकडे न पाहणारा आणि उद्याचे पीठ मोजून ठेवणारा. त्यांची जी भांडणे होतात त्यांतून या पुस्तकाचा विनोद जन्मतो. हा विनोद अलंकरण नव्हे. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, नामदेव त्याच्याशी हुज्जत घालतो, तेव्हा नाते तुटू न देता फिर्याद मांडण्याची जी सोय वारकरी काव्याने करून ठेवली, तिचे गद्यातले, संसारातले रूप म्हणजे हा विनोद. लक्ष्मीबाईंनी पंढरपुरातल्या वास्तव्यात ती उचलली असे मी म्हणत नाही; तसा पुरावा नाही, आणि त्या वेळी पंढरपूर त्यांना सुखाचे ठिकाणही नव्हते. भाषेतच ती सोय होती, एवढे पुरे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्याला मी कथनाची रीत म्हणतो ते केवळ धर्मशास्त्रीय शिक्षणाचा अभाव आहे. जोडाक्षरांशी आयुष्यभर झगडलेल्या बाईंकडून ईश्वरसमर्थनाची अपेक्षा कोण करील? त्यांना ‘म्हणून’ गाळायचा नव्हता, तो त्यांना सुचलाच नाही. या आक्षेपाला ‘ख्रिस्तायन’ हे उत्तर आहे. टिळकांनी अकराच्या आसपास अध्याय लिहून अपुरे ठेवलेले हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय रचून जवळजवळ पूर्णत्वाला नेले. ख्रिस्ताचे दुःखभोग, त्यांचे प्रयोजन, त्यांतील ईश्वरी योजना हा तेथे विषयच आहे, आणि तो त्यांनी टाळलेला नाही. म्हणजे तीच लेखिका, आयुष्याच्या त्याच उत्तरकाळात, एका ग्रंथात दुःखाचे प्रयोजन ओवीबद्ध करीत होती आणि दुसऱ्यात स्वतःच्या दुःखाला प्रयोजन चिकटविण्याचे नाकारीत होती. ख्रिस्ताच्या दुःखाचा अर्थ त्यांना ठाऊक होता. आपल्या दुःखाचा अर्थ ठाऊक असल्याचा दावा त्यांनी केला नाही. हा फरक अज्ञानातून येत नाही. दुर्दैवाने ‘ख्रिस्तायन’ आज अभ्यासक्रमात नाही आणि वाचनातही नाही, त्यामुळे ‘स्मृतिचित्रे’ची साधी, भोळी लेखिका ही प्रतिमा अबाधित राहते. पाठ्यपुस्तकांनी घरगुती गमतींचे उतारे तेवढे उचलून या प्रतिमेला हातभारच लावला.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी वाचनाकडून येईल, आणि तो अधिक वजनदार आहे. पतीने केलेल्या अन्यायाला विनोदाने सौम्य करणे आणि त्यावर ईश्वरावरील भरवशाचे पांघरूण घालणे, ही शरणागती नव्हे काय? हा प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी विचारला जातो, आणि बहुधा विद्यार्थिनीच विचारतात. मी त्याला उडवून लावू शकत नाही. पुस्तकात अशा जागा आहेत जेथे टिळकांना माफी फार स्वस्तात मिळते. परंतु शरणागत निवेदक तक्रार विसरते. ही निवेदक ती तारीखवार लक्षात ठेवते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, त्याची कीर्ती संतकवी म्हणून स्थिर झालेली असताना, तो न सांगता निघून गेला त्या त्या वेळी घरात काय होते नि काय नव्हते, हे छापून काढणे याला पांघरूण घालणे म्हणता येणार नाही. भरवसा आणि फिर्याद एकत्र राहू शकतात, हे ईयोबाच्या पुस्तकाला माहीत होते. आपल्या समीक्षेला ते अवघड जाते, कारण आपल्याला संमती किंवा बंड यांपैकी एकच नाव देण्याची सवय लागली आहे. २०२१ मध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, आमचे वर्ग पडद्यावर चालत होते तेव्हा प्लेगच्या दिवसांचा भाग वाचताना एका विद्यार्थिनीने विचारले, की यांना देवाचा राग येत नव्हता का. घरात त्या आठवड्यात मृत्यू झालेली ती मुलगी होती. मी काही सिद्धांत सांगितला असावा. आता आठवत नाही. पुढच्या तासाला तिनेच पंढरपूरच्या दिवसांचे पान काढून दाखविले आणि म्हणाली, “आलाय की राग. देवाचं नाव नाही, एवढंच.”

या वाचनाची एक मर्यादा येथेच नोंदविली पाहिजे. ‘स्मृतिचित्रे’ची आजची संहिता ही निव्वळ लक्ष्मीबाईंच्या हातची नाही. मजकूर जमविणे, लावणे, छापणे यांत त्यांचे पुत्र देवदत्त यांचा वाटा मोठा होता, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्यावर चौथा भाग त्यांनीच पुरा केला. तेव्हा ज्या गाळलेल्या ‘म्हणून’वर मी एवढा भार दिला, तो प्रत्येक ठिकाणी आईनेच गाळला की मुलाने, हे प्रसंगानुसार तपासावे लागेल. चौथ्या भागात मुलाचे निवेदन सुरू होते तेथे वाक्यांची जोडणी बदलते, कारणे पुढे येऊ लागतात, आणि आई ही एक स्मरणीय व्यक्ती होऊ लागते, असे मला दिसते. पहिल्या तीन भागांत हा बदल कोठे चाहूल देतो काय, हे क्रमशः प्रसिद्ध झालेला मजकूर आणि ग्रंथरूप शेजारी ठेवून पाहता येईल. तसा पाठचिकित्सेचा प्रयत्न कोणी केला, तर वरील मांडणीतील काही भाग मला मागे घ्यावा लागेल. सोवळ्याचे पहिले प्रकरण आणि पाण्याचा तांब्या मात्र मागे घ्यावा लागेल असे वाटत नाही.